देऊळ पाहिलं, तळं राहिलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांच्या परदेशी सहलींवर आपल्या सदरात गेले पंधरा दिवस पत्रं येत आहेत. डोंबिवलीच्या एका भगिनींनी लिहिलं, ही थेरं बंद करा आणि पोरांना रायगड दाखवा. त्यावर कोपरखैरण्याच्या एका गृहस्थांचं उत्तर आलं, जग बघितल्याशिवाय मुलं जगात टिकायची कशी? दोघांनीही सहल लांबूनच पाहिली असावी. मी दिवाळीच्या सुट्टीत अशी एक सहल मुलांच्याच बसमध्ये बसून करून आलो आहे, त्यांच्यासारखीच हिरवी टोपी घालून. टोपीवर ‘सस्टेनेबल ट्रॅव्हलर’ असं छापलं होतं आणि पहिल्याच धुण्यात तिचा रंग माझ्या बनियनला लागला. पत्र लांबणार आहे. कात्री लावायची झाली तर टोपीला लावा, पाण्याच्या मजकुराला लावू नका.

मी पाचपाखाडीत राहतो. चौतीस वर्षं एका महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात काढली, कनिष्ठ अभियंता म्हणून निवृत्त झालो. आयुष्य व्हॉल्व्ह, गळती आणि जलकुंभांच्या पातळ्या यांत गेलं. ‘हे देवळात गेले की आधी अभिषेकाचं पाणी कुठून बाहेर पडतं ते बघतात, मग देवाकडे बघतात,’ असं आमच्या घरात माझ्याबद्दल सांगतात. खोटं नाही ते.

नात आठवीत आहे, घोडबंदर रस्त्यावरच्या एका मोठ्या शाळेत. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं वाईट नाहीत आणि मला भांडण करायचं नाही. सहलीचा विषय होता ‘प्राचीन संस्कृती आणि शाश्वतता’. सात दिवस, कंबोडिया आणि थायलंड, माणशी १ लाख ४२ हजार रुपये, तीन हप्त्यांत. ३८ मुलं, चार शिक्षक आणि स्वतःच्या खर्चाने येणारे दोन पालक. मुलगा-सून दोघांनाही रजा नव्हती, म्हणून मी नाव दिलं.

जाण्याआधी शाळेत पालकांची बैठक झाली. व्हिसा, रोमिंग, उलटीच्या गोळ्या, देवळात खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, खाकऱ्याची पाकिटं किती न्यायची, यात पाऊण तास गेला. अंकोरवर, म्हणजे कंबोडियातल्या ज्या जुन्या राजधानीची देवळं पाहायला जायचं तिच्यावर, पाच मिनिटं. ‘काही प्रश्न?’ असं विचारल्यावर मी हात वर केला आणि म्हटलं, ‘शाळेत रोज पाण्याचे टँकर किती येतात?’ सभागृह गप्प. मी तक्रार करायला आलोय असंच सगळ्यांना वाटलं. बैठक संपल्यावर भूगोलाच्या तरुण शिक्षिका जिन्यात गाठ घालून म्हणाल्या, ‘काका, टँकरचा आणि सहलीचा काय संबंध?’ मी म्हटलं, आपण जिथे चाललोय ते गाव पाण्यावर उभं राहिलं आणि पाण्यानेच मोडलं. जिन्यातच अर्धा तास गेला. पुढे जे थोडंफार बरं घडलं ते या बाईंमुळे.

अंकोर म्हटलं की डोळ्यांपुढे अंकोर वाट, ते पाच शिखरांचं देऊळ, येतं. बाराव्या शतकातलं, दुसऱ्या सूर्यवर्मन राजाचं, मूळचं विष्णूचं. कंबोडियाच्या झेंड्यावरही तेच आहे. पण आपल्या लोकांनी खरं पाहायचं ते देवळाच्या बाहेर आहे. उत्तरेला कुलेनचा डोंगर, दक्षिणेला तोनले साप नावाचं प्रचंड सरोवर आणि मधे जवळजवळ सपाट जमीन, उतार आहे की नाही असं वाटावं इतपतच. पावसाळ्यात पाणीच पाणी, मग पाच-सहा महिने ठणठणाट. म्हणजे हवामान आपल्याच वळणाचं. त्या उतारावर तिथल्या राजांनी तळी बांधली. खणली म्हणत नाही, बांधली म्हणतो. जमिनीवर चारी बाजूंनी मातीचे बांध घातले आणि डोंगराकडून येणारं पाणी वळवून त्यांत कोंडलं. पाणी जमिनीच्या वर साठलं की खालच्या शेतात ते आपल्या वजनाने जातं, उपसावं लागत नाही. आम्ही टेकडीवर जलकुंभ का बांधतो, त्याचं हेच कारण.

नवव्या शतकात इंद्रवर्मनने इंद्रतटाक केला. त्याचा मुलगा यशोवर्मन, त्याने यशोधरतटाक, साडेसात किलोमीटर लांब. अकराव्या शतकात पश्चिम बाराय (असल्या बांधलेल्या तळ्याला तिकडे बाराय म्हणतात), लांबी आठ किलोमीटरच्या आसपास, रुंदी दोनहून थोडी जास्त. बाराव्याच्या अखेरीला सातव्या जयवर्मनचा जयतटाक. तटाक म्हणजे आपलं तळंच. हे मुलांना सांगितलं तेव्हा ‘मग तलावपाळी म्हणजे मासुंदातटाक!’ असं एकाने आमच्या ठाण्यातल्या तळ्यावरून ओरडून सांगितलं आणि बसमध्ये हशा पिकला. पश्चिम बाराय केवढा, हे ठाणेकराला असं सांगता येईल: ठाणे स्टेशनच्या फलाटावर उभे राहा आणि कांजूरमार्गपर्यंतचे रूळ डोळ्यांपुढे आणा. तेवढी त्याची लांबी. पोटात अंदाजे पाच कोटी घनमीटर पाणी. मुंबईच्या विहार तलावात २७,६९८ दशलक्ष लिटर मावतं, त्याच्या पावणेदोन पट हे झालं. आणि सगळी माती माणसांनी हातांनी, टोपल्यांनी टाकलेली.

ही तळी पूजेची की शेतीची, यावर विद्वानांचं भांडण जुनं आहे. बर्नार-फिलिप ग्रोलिए या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने १९७९ साली अंकोरला जलनगरी म्हटलं, लगेच दुसऱ्यांनी ते खोडून काढायचा प्रयत्न केला. नंतरच्या पाहणीत पाणी आत घेण्याचे आणि बाहेर सोडण्याचे मार्ग सापडत गेले. २०१२ साली हेलिकॉप्टरमधून लेसर किरण टाकून जंगलाखालची जमीन मोजली, तेव्हा रस्ते, कालवे, घरांचे उंचवटे असं अख्खं शहर रेघांसारखं वर आलं. माझ्यासारख्याला वाद कळतो पण पटत नाही. देवाच्या नावाने बांधलेलं तळं शेताला पाणी देत नाही, असं कोणी सांगितलं?

शाळेने दिलेल्या पुस्तिकेत अंकोरच्या शेवटाबद्दल एकच ओळ होती, १४३१ साली सयामच्या सैन्याने जिंकलं. सैन्य आलं हे खरं. पण त्याआधीची गोष्ट झाडांनी सांगितली आहे. व्हिएतनामच्या डोंगरांतल्या जुन्या झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजून संशोधकांनी २०१० साली दाखवलं, की चौदाव्या शतकाच्या मध्याला आणि पंधराव्याच्या सुरुवातीला तिथे लांबलचक दुष्काळ पडले आणि अधूनमधून अतिवृष्टीची वर्षं आली. दुष्काळात पाण्याला वेग राहत नाही, कालव्यात गाळ बसतो. मग एका रात्रीत नदी येते आणि बांध घेऊन जाते. जाळं जितकं मोठं तितका एका फुटीचा फटका लांब जातो. टेकडीवरच्या एका जलकुंभाची मुख्य लाइन गेली की खालच्या अठरा सोसायट्यांचे फोन माझ्या खिशात वाजायचे, त्यामुळे हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आता प्रत्यक्ष सहल. अंकोरसाठी कार्यक्रमात एक दिवस होता. एक. पहाटे साडेचारला उठवलं, अंधारात देवळासमोरच्या तळ्याकाठी उभं केलं, सूर्योदयाचे फोटो झाले, मग देऊळ, मग बायोनचं देऊळ, मग झाडांच्या मुळांनी धरलेलं ता प्रोह्म, साडेतीनला बस. अंकोर वाटच्या पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथनाचं ४९ मीटर लांब शिल्प आहे. एकीकडे दैत्य, एकीकडे देव, मधे मंदराचल, खाली कूर्म आणि त्याच्याही खाली पाण्यात चिरडलेले मासे आणि मगरी. आपल्या मुलांना ही गोष्ट सांगावी लागत नाही. नातीने वासुकीच्या फण्यापासून शेपटीपर्यंत चालत दैत्य मोजायला सुरुवात केली होती. पन्नासच्या आसपास पोचली आणि शिट्टी वाजली. सात मिनिटं झाली होती.

त्या दिवशी बस एका पुलाजवळून गेली. ताकेओ देवळाच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच. नाव स्पिआन थ्मा, म्हणजे दगडी पूल. पुलाच्या कमानी कोरड्या जमिनीवर उभ्या आणि नदी शेजारून खोल खणत गेलेली. दगडांवर नक्षी, पण तुटक, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, कारण ते आधीच्या देवळांचे दगड काढून वापरलेले आहेत. कुठल्या तरी घाईच्या हंगामात, हाताला लागेल ते सामान घेऊन केलेलं काम. अशी कामं मीही केली आहेत, पावसात, रात्री, टॉर्च तोंडात धरून. अख्ख्या अंकोरमध्ये मला सर्वांत जवळची वाटलेली वास्तू ही. गाइडला म्हटलं, दोन मिनिटं थांबूया. तो बिचारा तयार होता, पण सहल कंपनीच्या माणसाने घड्याळ दाखवलं. पुढे हॉटेलात जेवण गार होणार होतं.

दुसरा दिवस तोनले सापवरचं तरंगतं गाव आणि रात्रीचा बाजार. गाव बघायला बरं. हे सरोवर पावसाळ्यात कोरड्या दिवसांच्या पाच-सहापट पसरतं, कारण मेकाँग फुगली की तिला जोडणारी नदी उलटी वाहायला लागते आणि पाणी सरोवरात शिरतं. पावसाळा सरला की ती पुन्हा सरळ होते आणि तेव्हा त्यांचा मोठा जलोत्सव असतो. कोणत्या पौर्णिमेला? कार्तिकाच्या. महिन्याचं नावही कार्तिकावरूनच आलेलं. आपण त्रिपुरी पौर्णिमेला देवळात दिवे लावतो, ते नदीत होड्यांच्या शर्यती लावतात. हे मी होडीत माझ्या शेजारच्या सहा मुलांना सांगितलं. उरलेल्या बत्तिसांच्या कानांत इयरफोन होते. त्यांना दोष देत नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की इथे ऐकण्यासारखं काही आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी विमान, सकाळ मोकळी, म्हणजे तरणतलाव. आदल्या रात्री मी भूगोलाच्या बाईंना म्हटलं, पश्चिम बाराय इथून तासाभरातसुद्धा होईल, मुलांना विचारा. त्यांनी धाडस केलं. पालकांच्या गटावर रात्री नऊला संमती मागितली, अकरा जणांच्या पालकांनी ‘हो’ कळवलं, काहींनी ‘पाण्याजवळ लाइफ जॅकेट आहे का’ असं विचारलं आणि बाकीचे बहुधा झोपले होते. सकाळी सहाला चार रेमोर्क केल्या. रेमोर्क म्हणजे तिकडची रिक्षा, मोटारसायकलला जोडलेला गाडा. पैसे बाईंनी आणि मी निम्मेनिम्मे घातले. मुलांचा अंकोरचा एक दिवसाचा पास संपलेला, त्यामुळे तळ्याच्या मधल्या बेटावर जाता येणार नव्हतं. त्या बेटावर, पश्चिम मेबोनमध्ये, शेषशायी विष्णूच्या भल्यामोठ्या कांस्यमूर्तीचे तुकडे १९३६ साली मिळाले. तो योग नव्हता. आम्ही दक्षिणेच्या बांधावर उभे राहिलो.

समोर नुसतं पाणी. पलीकडचा काठ दिसेना. ‘आजोबा, हा समुद्र आहे,’ एक मुलगा म्हणाला, आणि तो चेष्टा करत नव्हता. काठावर झोळ्या बांधलेल्या झोपड्या, मासे भाजणाऱ्या बायका, डुंबणारी पोरं. मी बॅगेतून लेव्हलची नळी काढली. गवंडी वापरतात ती, पारदर्शक, पंधरा मीटर. विमानतळावर तिच्यावरून दहा मिनिटं चौकशी झाली होती. मुलांनी तळ्याच्या पाण्यापासून सुरुवात केली, नळीची दोन टोकं धरत, टेपने उंची मोजत, बांध चढून, मग पलीकडे उतरत, खाली भाताच्या खाचरापर्यंत. पाऊण तास लागला. दोघं चिखलात बसली, एकाने चढ-उताराची चिन्हं उलटी लिहिली म्हणून मधला भाग पुन्हा करावा लागला. आकडा इथे छापायला देत नाही, आमची मोजणी काही सरकारी नव्हे. पण तळ्यातलं पाणी बाहेरच्या शेताच्या वर निघालं, हे त्यांना त्यांच्याच वहीतून कळलं. नात बांधावर उभी राहून एकदा पाण्याकडे आणि एकदा शेताकडे बघत म्हणाली, ‘म्हणजे मोटर नाही?’ मी म्हटलं, नाही. हजार वर्षं नाही.

हॉटेलवर परतलो तेव्हा सत्तावीस मुलं तरणतलावात होती आणि तो तलाव कुठून भरतात हा प्रश्न एका मुलीने स्वतःहून विचारला. उत्तर अंकोरच्या मुळाशी जाणारं आहे. ती अवजड दगडी देवळं वाळूच्या भरावावर बसवलेली आहेत. वाळू ओली असली की घट्ट, कोरडी झाली की पसरते, चौपाटीवर किल्ला केलेल्या कोणत्याही मुलाला हे माहीत असतं. ती ओल टिकवायची भूजलाने. आणि अंकोरशेजारच्या सिएम रीप शहरात, जिथे आम्ही उतरलो होतो, हॉटेलं वाढली तशा विंधनविहिरी वाढल्या. २०१८ साली अंकोरला पंचवीस लाखांहून जास्त परदेशी लोक येऊन गेले, त्या प्रत्येकाला अंघोळ हवी. म्हणून अंकोरची देखभाल करणारं आप्सरा प्राधिकरण जुने कालवे साफ करून तळी पुन्हा भरायच्या मागे लागलं. शतकानुशतकं कोरडा पडलेला जयतटाक त्यांनी पुन्हा भरला. देवळं वाचवायला देवळांची डागडुजी पुरत नाही, तळं भरावं लागतं. शाश्वतता म्हणतात ती ही, आणि ती आमच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हती. पत्रिकेत होतं ते ‘ग्रीन प्लेज’ वर सही करणं. सही करताना प्रत्येकाच्या हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली होती. माणशी रोज तीन. ४४ माणसं, म्हणजे दिवसाला १३२. हॉटेलात गाळलेल्या पाण्याचं पिंप भरून ठेवलेलं होतं, पण पॅकेजमध्ये बाटल्या होत्या.

विमानात मला झोप येत नाही. वहीत तासांचा हिशोब मांडला. सात दिवसांतले विमानतळ आणि विमान मिळून एकतीस तास. बस एकोणीस. बँकॉकचे मॉल आणि बाजार अकरा, तिथली सफारी आणि वॉटर पार्क नऊ. अंकोरच्या दगडांपाशी जेवणखाण वगळून सात. तोनले साप चार. मुलं हसतात म्हणून सांगतो, न्याहारीच्या रांगेत पाच. आणि पैशांचं बघा. अंकोरचा एक दिवसाचा पास ३७ डॉलरचा, तीन दिवसांचा ६२ चा. फरक २५ डॉलर, आपले दोन हजारांच्या घरात. १ लाख ४२ हजारांच्या सहलीत वाचवायला हीच रक्कम सापडली.

म्हणून डोंबिवलीच्या भगिनींना आणि कोपरखैरण्याच्या गृहस्थांना माझं सांगणं एवढंच, की देशात की परदेशात हा प्रश्नच नाही. मूल एका जागी किती वेळ उभं राहिलं, एवढंच विचारा. १९७४ साली आमच्या शाळेची सहल एसटीच्या लाल डब्यातून कार्ल्याला गेली होती. आमचे गुरुजी फार बोलणारे नव्हते. चैत्यात बसवलं आणि म्हणाले, वर बघा, दगडाच्या छताला लाकडाच्या फासळ्या का लावल्या असतील, सांगा. तासभर कोणाला उत्तर आलं नाही आणि त्यांनीही दिलं नाही. त्या फासळ्या दोन हजार वर्षांच्या आहेत हे फार नंतर कळलं. त्या सहलीत लोणावळ्याला चिक्की घेतली होती, भेंड्या झाल्या होत्या, सगळं विसरलो. फासळ्या आठवतात.

परत आल्यावर शाळेत सादरीकरण झालं. पडद्यावर सूर्योदय, हत्ती, सूर्योदय. अकरा जणांच्या गटाने मात्र हट्टाने आपला वेगळा तक्ता लावला आणि त्यानंतर त्यांना खाज सुटली. शाळेच्या पहारेकऱ्याकडे टँकरची वही असते. बाईंनी परवानगी काढली, मुलांनी वही उतरवून घेतली. दिवसाला सहा टँकर, दहा-दहा हजार लिटरचे. आमच्या हिशोबात दिवसा भरणाऱ्या शाळेला माणशी ४५ लिटर धरतात. शाळेत २,४०० मुलं, गुणाकार त्यांनीच केला. नळाचं पाणी किती आणि टँकरचं किती हे कळलं, तेव्हा टँकर कुठून भरतो हे विचारायला चौघं चालकापाशी गेली. तो म्हणाला, बोअरचं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. सिएम रीपची वाळू त्यांच्या अजून ताजी लक्षात होती.

डिसेंबरच्या एका रविवारी मी त्यांना कान्हेरीला नेलं. ठाण्याच्या बाजूने डोंगर आपलाच, पण जायचं बोरिवलीवरून. तिथे जवळजवळ प्रत्येक लेण्याबाहेर खडकात पाण्याचं टाकं आहे आणि कातळावरून पावसाचं पाणी त्यात उतरवायला पन्हळी कोरल्या आहेत. शिलालेखात या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे, दान देणारे कल्याण-सोपाऱ्याचे. एका मुलाने पन्हळीत बाटलीतलं पाणी ओतून ते कुठे जातं ते पाहिलं. पुढच्या खेपेला अंबरनाथचं शिवमंदिर. त्याचा लेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी १०६०, साधारण पश्चिम बारायच्याच शतकातला. आणि कंबोडियात सापडलेल्या एका लेखात ६०५ हा शक लिहिताना मधलं शून्य टिंबाने दाखवलं आहे, तेही आपलंच शक, अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी ६८३. आठवीतल्या मुलांना ही बेरीज भारी आवडली. घरी पंचांग काढून बघितलं म्हणे. अंबरनाथला देवळालगतच्या वालधुनीचं पाणी मात्र ज्या रंगाचं होतं, त्याबद्दल मुलांनी जे विचारलं त्याचं उत्तर मला देता आलं नाही आणि ते मी या सदरातही देऊ शकत नाही.

एक गोष्ट राहिली. नातीच्या वर्गातली तिची जवळची मैत्रीण सहलीला नव्हती. वडिलांचं छोटं दुकान, एवढी रक्कम जमणारी नव्हती. मूळ गाव शहापूर तालुक्यात, भातसा धरणाच्या अंगाला. ते धरण मुंबईची तहान भागवतं आणि एप्रिल-मेमध्ये तालुक्यातल्या पाड्यांना टँकर लागतो, हे वाचकांना माहीत आहे. नातीने तिला बारायचं सगळं सांगितलं, चिखलात बसलेल्या दोघांसकट. ती ऐकून म्हणाली, ‘मग तळ्याच्या अगदी जवळच्या गावाला पाणी मिळायचं का?’ नातीने मला फोन करून विचारलं. मी तेव्हापासून जे मिळेल ते वाचतो आहे. ही मुलगी आमच्या बसमध्ये असती तर गाइडची धडगत नव्हती. शाळेने दर वर्षी सहलीच्या हिशोबातून दोन-तीन जागा अशा मुलांसाठी काढाव्यात. बँकॉकची सफारी गाळली तर तेवढे पैसे निघतात, मी बेरीज करून पाहिली आहे.

पुढच्या वर्षी बाली घाटतं आहे. बाईंनी माझं मत विचारलं. मी म्हटलं, खुशाल जा, पण सुबक बघायला जा. सुबक म्हणजे तिथल्या भातशेतकऱ्यांच्या पाणीवाटपाच्या मंडळ्या, हजार वर्षांच्या जुन्या. कोणी कधी पेरायचं आणि कोणाला पाणी कधी, हे पाण्याच्या देवळांमधून ठरतं. युनेस्कोने २०१२ साली त्यांना जागतिक वारशात घेतलं. त्याआधी १९७० च्या दशकात सरकारने सांगितलं, देवळाचं वेळापत्रक सोडा, वर्षभर भात घ्या. शेतकऱ्यांनी ऐकलं. पाण्याची मारामार झाली आणि किडींनी शेतं खाल्ली, कारण सगळ्यांनी एकदम शेत मोकळं ठेवणं हाच किडीवरचा उपाय होता. जाण्याआधी मुलांना धुळे-नाशिककडची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घेण्याची रीत दाखवा, पांझरा नदीवरचे बंधारे दाखवा. बालीचा शेतकरी काय बोलतो ते मग दुभाष्याशिवाय कळेल. कंपनीने नेहमीप्रमाणे झोपाळे, माकडांचं जंगल आणि समुद्रकिनारा असा कार्यक्रम धाडला आहे. सुबकसाठी त्यात ‘फोटो स्टॉप, वीस मिनिटं’ असं लिहिलंय.

पालकांची बैठक फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी आहे. या शाळेतल्या किंवा दुसऱ्या कुठल्याही शाळेतल्या पालकांनी हप्ता भरण्याआधी कार्यक्रमपत्रिका हातात घ्यावी आणि प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटं लिहून मागावीत. मी वीस मिनिटांचे तीन तास मागणार आहे. नळी या वेळी पंचवीस मीटरची घेतली आहे.

आपला,
पाणीपुरवठा विभागातला एक निवृत्त कनिष्ठ अभियंता,
पाचपाखाडी, ठाणे

ता. क. रायगड दाखवाच, भगिनींचं अगदी बरोबर आहे. गडावरच्या हत्ती तलावाची गळती काढून तो अलीकडे पुन्हा भरला, तेही पाहण्यासारखं आहे. आपल्या भागातल्या शाळांच्या बस गडावर गेल्या, तर मुलं गंगासागरापाशी किती मिनिटं थांबतात, तेवढं त्यांनी कृपया याच सदरातून कळवावं.